संध्याकाळी सांग, आत्ता जेवून जा

इथे लोकांनी लिहिलेले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण वाचताना मनात कायम कारणं शोधत असते. रिकाम्या खोलीत दार वाजलं? लाकूड फुगलं असेल. कुत्रं एकाच कोपऱ्याकडे बघून भुंकतंय? पाल असेल. स्वभावच तसा, आणि नोकरीने तो अजून पक्का झालाय. मी सिंगापूरला आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काम करते. ग्राहकांकडून परत आलेले पार्ट माझ्या टेबलावर येतात आणि ते का बंद पडले हे मी शोधते. काहीच सापडलं नाही तर त्यावर 'नो फॉल्ट फाउंड' असं लिहून पुढे पाठवायचं. माझ्यावर ती वेळ क्वचित येते, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

तेव्हा आत्मा, संकेत, कुणीतरी असल्याची जाणीव... यातलं काहीही मी मानत नव्हते. आता मानते का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. जे झालं ते लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे लिहिण्यात कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आणि हो — ज्या महिन्यात इथले चिनी लोक पितरांसाठी रस्त्याकडेला कागद जाळतात, तो महिनाही हा नव्हता. हे आधीच सांगते, कारण हे ऐकलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला.

माझी आई पुण्यात असते. बाबा गेल्यापासून एकटीच. मी तिला कितीदा म्हटलं, इकडे ये, चार महिने राहा. तिचं उत्तर ठरलेलं — "मुलीच्या घरी जाऊन राहायचं नसतं, बाई." हा विषय संपला की ती माझ्या लग्नाचा काढणार, हेही ठरलेलं. तशाच एका फोनवर तिने सारंगचं नाव सांगितलं.

"मुक्ता, मुलगा सिंगापूरलाच आहे. तीन वर्षांचा असल्यापासून तिथेच वाढलाय. बँकेत आहे. एकदा भेट तरी."

"आई, मी ते कांदेपोहे वगैरे करणार नाही."

"तुला येतात कुठे करायला? बाहेर भेटा. खाणार नाहीये तो तुला."

"मी काय बोलू त्याच्याशी?"

यावर आईने विषय बदलला. कारण खरी गोष्ट तीच होती आणि ती दोघींना माहीत होती.

मला बोलता येत नाही. म्हणजे मीटिंगमध्ये येतं, प्रेझेंटेशन येतं. पण समोर बसून कुणी "मग, अजून काय?" म्हणालं की माझं डोकं कोरं होतं. इंग्रजीत बोलताना मी हुशार वाटते, मराठीत बोलताना खरी वाटते — आणि अनोळखी माणसासमोर नेमकं मराठीच पळून जातं. आधी ज्यांना भेटले ते लोक काही वाईट नव्हते. पण प्रत्येक वेळी शेवटी दोघंही आपापली कॉफी ढवळत बसायचो. हळूहळू माझं मत झालं होतं की काही माणसं एकेकटीच बरी, त्यातली मी एक. सारंगलाही 'नाही' म्हणायचं, हे मी जायच्या आधीच ठरवलं होतं. आईला ते सांगितलं नव्हतं. आमच्यात एवढंच ठरलं होतं की रविवारी सकाळी त्याला भेटायचं, संध्याकाळी फोनवर उत्तर द्यायचं, आणि या वेळीही 'नाही' असेल तर तिने पुन्हा कुठलं स्थळ सांगायचं नाही. म्हणजे हे 'नाही' शेवटचं असणार होतं. तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

सारंगचा मेसेज आला, अर्थात इंग्रजीत. त्याच्या घराच्या बाजूला गो-कार्ट टूर असते, पर्यटक सहसा जात नाहीत अशा वस्त्यांमधून नेतात, चालेल का? आणि खाली एक वाक्य — चांगली गोष्ट ही की समोरासमोर बसावं लागत नाही.

ते वाक्य मी परत परत वाचलं आणि 'ओके' पाठवलं.

जालान बेसारच्या एका मागच्या गल्लीत सकाळी जमायचं होतं. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या छोट्या इलेक्ट्रिक कार्ट, एकात एकच माणूस. (मी इथलं लायसन्स काढून ठेवलेलं. गाडी नाही, घेणारही नाही, पण परीक्षा दिसली की मी देते.) सारंग माझ्या आधी येऊन उभा होता. उंच, थोडा वाकलेला, शर्टाला इस्त्री जरा जास्तच.

"हाय. सॉरी, आय अ‍ॅम अर्ली," तो म्हणाला.

लवकर आल्याबद्दल माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्यानंतर आम्ही दोघंही कार्टच्या टायरकडे बघत राहिलो.

गाईडचं नाव रोस्लान. पन्नाशीचा, गोल, हसरा मलय माणूस. त्याने नियम सांगितले : "मी फ्रंट, यू बिहाइंड. फॉलो मी, कॅन. ओव्हरटेक मी, कॅनॉट, हां!" त्याच्या मागे मी, माझ्या मागे सारंग, शेवटी एक ऑस्ट्रेलियन जोडपं. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर आणि माइक होता. नुसतं चालवत राहिलं की रोस्लानची माहिती ऐकू येणार. कानाजवळचं बटण दाबलं की फक्त आपल्या जोडीदाराशी बोलता येणार. "यू टू, पार्टनर," तो मला आणि सारंगला म्हणाला. आम्ही दोघांनी एकदमच भलतीकडे पाहिलं.

गो-कार्टमधून शहर वेगळंच दिसतं, कारण आपण जवळजवळ जमिनीवर बसलेलो असतो. पेटेन रोडवरच्या जुन्या घरांच्या फुलाफुलांच्या टाइल्स नेहमी गुडघ्याशी असतात, त्या डोळ्यांसमोर आल्या. दुकानांच्या उंबऱ्यापाशी खाली मांडलेले लाल देव्हारे, त्यांच्यापुढची संत्री, विझत आलेल्या उदबत्त्या — येता-जाता मी त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाकाखाली बसलेली मांजर माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने बघत होती. रोस्लान कानात सांगत होता, इथे आधी काय होतं, तिथे कोण राहायचं.

मग एका लांबलचक सरळ रस्त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आपण निदान 'हॅलो' तरी म्हणावं. बटण दाबलं. इंग्रजीत बोलायचं होतं, पण तोंडातून आलं, "ऐकू येतंय का?"

जरा खरखर झाली. मग कानात आवाज आला, "येतंय की. बोल ना."

मराठीत!

"तुला मराठी येतं? मगाशी तर..."

"समजतं सगळं. बोलायला लाज वाटते. शाळेत पहिल्या दिवशी डबा उघडला, बाजूच्या मुलाला सांगितलं, ही पोळी. पोरं हसली. घरी येऊन जाहीर केलं, यापुढे मी असं बोलणार नाही."

"आणि खरंच नाही बोललास?"

"नाही. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. मोठा झालो तरी तेच."

मी हसले. हेल्मेटमध्ये हसलं की आपलं हसू आपल्यालाच फार जवळून ऐकू येतं. समोर कुणाचा चेहरा नव्हता, कॉफी नव्हती, हातांचं काय करायचं हा प्रश्न नव्हता — ते स्टिअरिंगवर होते. मी बोलायला लागले. काय काय बोलले! इंग्रजीत हुशार आणि मराठीत खरी, हे वरचं वाक्य मी पहिल्यांदा तिथे, त्या रस्त्यावर म्हटलं. ऑफिसात जेवायच्या वेळी मी मुद्दाम उशिरा का जाते, तेही सांगितलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. मध्येच विचारायचे, "ऐकतोयस?" आणि कानात लगेच, "ऐकतोय. तू बोल."

बोलण्याच्या मागून एक बारीक आवाज येत होता. टक... टक-टक. थोडं थांबून परत टक... टक-टक. कार्टचा एखादा नट सैल असेल म्हणून मी तो सोडून दिला.

एका सिग्नलला उभे असताना आवाज म्हणाला, "आई गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी नाही. बाबा आणि मी, दोघंच. तेही कामापुरतं. कधीकधी वाटतं, कुणीतरी नुसतं मराठीत ओरडावं माझ्यावर. ओला टॉवेल पलंगावर का टाकलास म्हणून. पण एवढ्यासाठी एखाद्या मुलीशी लग्न करायचं... बरोबर नाही ना ते?"

"नाही, बरोबर नाही," मी म्हणाले. "पण मी आजवर ऐकलेल्या कारणांत हे सगळ्यात बरं आहे."

व्हाम्पोआच्या मार्केटपाशी रोस्लानने कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला थांबवलं. सारंगने दोघांचे कप आणले, माझ्यापुढे एक ठेवला आणि म्हणाला, "हॉट. केअरफुल." बस. त्यापुढे एक शब्द नाही. आम्ही शेजारी शेजारी बसून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे बघत राहिलो. त्याने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा कोपीचा घोट घेतला. शेवटी म्हणाला, "आय वॉन्टेड टू टेल यू समथिंग, बट..." तेवढ्यात रोस्लानने टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं.

मला गंमत वाटली. हेल्मेटमध्ये इतकं बोलणारा माणूस बाहेर असा. म्हणजे अगदी माझ्यासारखा! आत्ताच जे बोललो त्याचा विषय मीही काढला नाही. सगळं बोलून झाल्यावर आता अजून काय सांगायचं राहिलंय, एवढंच मनात आलं. आमच्यापैकी एक जण जरी जरा कमी लाजरा असता, तर या गोष्टीचा उलगडा तिथेच, त्या टेबलावर झाला असता.

मार्केटमधून निघालो आणि सरकारी वसाहतीच्या उंच ब्लॉकच्या अगदी खालून जाऊ लागलो. मला आरशात मागे सारंग दिसत होता. त्याने एक हात वर करून कुठल्या तरी मजल्याकडे बोट दाखवलं. मी वर पाहिलं. खिडक्याच खिडक्या. मी बटण दाबलं. का कोण जाणे, मला त्या क्षणी त्याच्याशी खोटं वागवेना.

"एक सांगू? मी 'नाही' म्हणायचं ठरवून आलेय. तुला भेटायच्या आधीच."

कानात टक... टक-टक. इतकं स्पष्ट, की मी वाकून चाकाकडे पाहिलं. मग आवाज आला, अजिबात न दुखावलेला —

"कळलं होतं मला. म्हण की. पण संध्याकाळी सांग. आत्ता जेवून जा."

तिशीच्या आतला, बँकेत काम करणारा, सिंगापुरात वाढलेला मुलगा असं बोलतो? मला नवल वाटलं. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की खूप दिवसांत मला कुणी असं 'जेवून जा' म्हटलं नव्हतं. त्यानंतर बालेस्टियरच्या दिव्यांच्या बंद दुकानांवरून आम्ही परत गेलो. मी पुन्हा बटण दाबलं नाही.

परत आल्यावर रोस्लान एकेकाचं हेल्मेट घेऊन मागचा कप्पा उघडत होता आणि बॅटऱ्या काढून चार्जरला लावत होता. सारंगचं हेल्मेट उघडलं आणि तो थांबला.

"अय्यो, ब्रदर! नो बॅटरी इनसाइड! होल वे यू हिअर नथिंग? व्हाय नेव्हर से?"

सारंग कानापर्यंत लाल झाला. "नेव्हर माइंड लाह. आय जस्ट फॉलो हर."

बॅटरी आतल्या टेबलावर चार्जरलाच राहिली होती. रोस्लानने ती आणून दाखवली, चारदा सॉरी म्हटलं. मी पुढे होऊन कप्पा स्वतः पाहिला. माझं कामच ते आहे. स्प्रिंग स्वच्छ, कप्पा कोरडा, रिकामा. बॅटरीशिवाय त्या सेटचा दिवासुद्धा लागत नाही, तेही करून पाहिलं. मग रोस्लानला विचारलं, आज अजून कुठली जोडी बाहेर आहे का, दुसरे सेट चालू आहेत का? नाही. आमचीच पहिली फेरी. ऑस्ट्रेलियन जोडप्याने बटणाला हातच लावला नव्हता, त्यांचं आधी भांडण झालं होतं म्हणे.

माझे पाय थंड पडले. सिंगापुरात, भर सकाळी.

बाहेर एका बुटक्या भिंतीवर आम्ही बसलो. मी विचारलं, "तू रस्त्यात काही बोलत होतास?"

तो दचकला. यापुढचं सगळं तो इंग्रजीत बोलला, मी इथे मराठीत लिहितेय. "तुला कसं कळलं? सेट बंद होता. कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी... प्रॅक्टिस करत होतो. कोपी पिताना तुला काय सांगायचं त्याची."

"काय सांगणार होतास?"

"राहू दे ना."

"शाळेच्या पहिल्या दिवशी तू डबा उघडलास," मी म्हणाले. "बाजूच्या मुलाला पोळी दाखवलीस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढे सांगत गेले. ओला टॉवेल. आई मराठीत, तो इंग्रजीत. एवढ्यासाठी लग्न करणं बरोबर नाही, हेसुद्धा. प्रत्येक वाक्याला तो मान हलवत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता.

"हे सगळं मी बोललो," तो म्हणाला. "पण इंग्रजीत. मला मराठीत एवढं बोलता येत नाही. आणि तू बोललेलं मला काहीच ऐकू आलं नाही. तुझ्या आरशात तू हसताना दिसलीस. मला वाटलं, गाईड फार विनोदी आहे."

"आणि शेवटचं? संध्याकाळी सांग, आत्ता जेवून जा?"

मला ते मराठीतच म्हणावं लागलं. त्याने ते शब्द स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिले. मग हळूच म्हणाला, "ते मी नाही म्हटलं."

"तू वर बोट दाखवलंस तेव्हा."

"ते आमचं घर आहे," तो म्हणाला. "मी एवढंच म्हटलं, दॅट्स माय ब्लॉक."

अनोळखी माणसाच्या घरी जाणारी मी मुलगी नाही. आईला पत्ता मेसेज केला आणि गेले. का गेले? कारण जेवून जा असं कुणीतरी म्हटलं होतं आणि ते कोणी म्हटलं हे मला कळायला हवं होतं.

दार सारंगच्या वडिलांनी उघडलं. अर्धी चड्डी, बनियन, हातात डाव. मला पाहून ते आधी आत पळाले आणि शर्ट घालून परत आले.

"अरे, आधी सांगायचंस ना! घरात नुसता वरणभात आहे. या, या. बसा... बस."

"काका, वरणभात आवडतो मला."

"मराठी!" काका सारंगकडे बघून म्हणाले, जणू मी बासरी वाजवून दाखवली होती. "मग सकाळभर कसं जमलं तुमचं? हा तर आपला येस-नो."

"मराठीतच बोललो," मी म्हणाले. सारंग खाली बघत होता.

काका मोठ्याने हसले. "सारंग? मराठीत? अगं, याची आजी शेवटपर्यंत फसली तशी तू फसलीस! दर रविवारी सकाळी तिचा अमरावतीहून फोन यायचा. याची आई पोळ्या लाटत असायची, फोन स्पीकरवर, पिठाच्या डब्याला टेकवलेला. हा तिकडून नुसता ओके, फाइन म्हणायचा. आणि ही लाटता लाटता सांगायची, 'आजी, मी मजेत आहे. अभ्यास करतो. तुझी आठवण येते.' तो म्हणतोय, हा म्हणतोय, असली भानगडच नाही. थेट त्याच्याच तोंडचं. म्हातारीला कमी ऐकू यायचं, तिला वाटायचं नातूच बोलतोय. शेजारणींना सांगायची, परदेशात वाढला पण काय मराठी आहे पोराचं!"

"आणि तो म्हणायचा तेवढंच सांगायच्या?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"छे! दोन वाक्यं पदरची घातल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही. आणि तिचं ते जेवून जा! दारात कुरिअरवाला आला तरी जेवून जा. चिनी माणूस, त्याला काय कळणार! हा आपला तिथे लाजून लाल." काका डोळे पुसून स्वयंपाकघरात गेले. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, सांगता येणार नाही.

सारंगने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्याकडे नाही.

काका वरणाचं गरम पातेलं घेऊन आले. टेबलाला चटका बसू नये म्हणून त्यांनी आधी खाली एक पोळपाट सरकवला. जुना, लाकडी, मधोमध झिजून खोलगट झालेला. त्यावर पातेलं ठेवलं.

टक.

सारंगने डावाने वरण ढवळलं. पोळपाट डुगडुगला. टक-टक.

माझ्या हातातला चमचा ताटात पडला.

"घाबरू नकोस, तुटणार नाही," काका म्हणाले. "एक पाय आखूड आहे त्याचा. कितीदा म्हटलं नवीन आणू, लिटिल इंडियात ढीगभर मिळतात. ऐकायचीच नाही. आता आम्हाला कुठे पोळ्या येतात? मग पातेल्याखाली. खा, मुक्ता. निवतंय."

मी खाल्लं. वरणात मीठ थोडं कमी होतं. त्या टक-टकबद्दल मी सारंगला भिंतीवर काही बोलले नव्हते, कारण मला तो नट वाटला होता. नंतर, मला एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला आला तेव्हा सांगितलं. तो मधेच फुटपाथवर थांबला. मग म्हणाला, "शी लाइक्स यू." एवढंच. तेही वर्तमानकाळात.

संध्याकाळी आईचा फोन.

"मग? काय ठरलं?"

"जेवून आले."

"कुठे?"

"त्यांच्या घरी."

"अगं बाई! आणि उत्तर?"

"आई, मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही."

मग आई फार सांभाळून, एखादं मांजर दचकून पळू नये तशा आवाजात म्हणाली, "बरं. काही घाई नाही."

आमचं लग्न झालं त्याला आता वर्ष होत आलं. व्हाम्पोआतच राहतो, काकांबरोबर. या गोष्टीची कारणं मी पुष्कळ शोधली. दुसऱ्या कुणाचा चॅनल मिसळला असेल? मग त्यात सारंगच्या शाळेचा डबा कुठून आला? माझ्या मनाचे खेळ म्हणावे, तर तो डबा मला माहीत कसा? रोस्लानकडे आम्ही पुन्हा गेलो, तेच हेल्मेट मागितलं, बॅटरी न घालता तोच रस्ता फिरलो. काही नाही. नुसता आपलाच श्वास. माझ्या कामात चांगला पार्ट का बंद पडला हे सापडत नाही, तेव्हा काय लिहायचं ते ठरलेलं आहे. बंद पार्ट का चालला, यासाठी आमच्याकडे काही लिहायची सोयच नाही.

सारंग आता थोडं मराठी बोलतो. ओल्या टॉवेलवरून मी ओरडते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, त्याने माझा राग अजून वाढतो. आणि त्या पोळपाटाचा पाय मी कुणाला दुरुस्त करू दिलेला नाही.

मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते. आईचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्याला टेकवला. सारंग पेपर घ्यायला आत आला, फोनकडे वाकून म्हणाला, "हाय आई, ऑल गुड!" आणि गेला. माझी एक पोळी फाटत होती, मी तिच्याशी झटत होते. मी काहीही बोलले नाही, हे मी शपथेवर सांगते. नुसतं टक-टक चालू होतं.

आई थोडी गप्प होती. मग म्हणाली, "मुक्ता... किती छान बोलायला लागले गं जावई मराठीत."

माझं लाटणं थांबलं. "काय म्हणाला तो?"

"अगं, तू तिथेच आहेस ना? म्हणाले, 'आई, मुलीच्या घरी यायचं नसेल तर माझ्या घरी म्हणून या. पोळ्या तिला अजून जमत नाहीत.'"

दारात काका उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते आत आले, डब्यावरून घसरायला आलेला फोन नीट टेकवून ठेवला आणि बाहेर गेले.

हे का होतं, कसं होतं, मला खरंच माहीत नाही. आई पुढच्या महिन्यात येतेय.